रक्त लागलेला लिफाफा

श्रोतेहो, नमस्कार. बंदुकीच्या जोरावर लढणाऱ्या संघटना बंदूक खाली ठेवून निवडणुकीच्या राजकारणात कशा येतात, हा आजचा विषय आहे आणि त्यासाठी मी उत्तर आयर्लंडमध्ये घडलेली एक घटना सांगणार आहे. ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे, बहुतांशी प्रॉटेस्टंट, आणि अखंड आयर्लंड मागणारे, बहुतांशी कॅथलिक, अशा दोन भागांत तो समाज दुभंगलेला होता. सुमारे तीस वर्षांच्या संघर्षात तेथे साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली.

१९ मार्च १९८८, शनिवार. पश्चिम बेलफास्टमध्ये आयआरए या सशस्त्र संघटनेच्या एका सदस्याची अंत्ययात्रा निघाली होती. तीनच दिवसांपूर्वी, दुसऱ्या एका अंत्यविधीच्या वेळी, दफनभूमीतच झालेल्या बॉम्ब आणि गोळ्यांच्या हल्ल्यात तो मारला गेला होता, त्यामुळे लोक आधीच बिथरलेले होते. अशा गर्दीत साध्या वेशातल्या दोन ब्रिटिश सैनिकांची मोटार शिरली. पुन्हा तसाच हल्ला होणार, या समजुतीने जमावाने मोटारीला गराडा घातला, दोघांना बाहेर खेचले आणि बेदम मारले. जवळच्या क्लोनार्ड मठातले फादर अलेक रीड त्या दोघांना वाचवण्यासाठी त्यांच्या मध्ये जमिनीवर आडवे झाले. त्यांना धमकावून तेथून उठवण्यात आले. थोड्याच वेळात गोळ्यांचे आवाज आले. सैनिकांना जवळच्या ज्या मोकळ्या जागेत नेले होते, तेथे फादर धावत पोहोचले, तोंडाने श्वास देऊन जीव वाचतो का ते पाहिले, आणि अखेर मरणाऱ्याच्या कपाळाला लावायचे पवित्र तेल त्यांनी त्या सैनिकांना लावले. मृतदेहाशेजारी गुडघे टेकून बसलेल्या फादरांचे छायाचित्र जगभर छापले गेले.

त्या छायाचित्रात न दिसणारी एक वस्तू फादरांजवळ होती, ती म्हणजे एक लिफाफा. आयआरएची राजकीय बाजू मांडणाऱ्या शिन फेन पक्षाने आपली भूमिका लिहून काढली होती आणि हिंसेला कायम विरोध करणारे कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांच्याकडे ती पोहोचवायची होती. लिफाफ्याला रक्त लागले होते. फादर मठात परतले, त्यांनी लिफाफा बदलला आणि आतला मजकूर ह्यूम यांना डेरी शहरात नेऊन दिला. दोन माणसे डोळ्यांदेखत मारली गेली, त्याच दिवशी त्यांनी मारणाऱ्यांच्या बाजूचे पत्र पोहोचते केले, हे मला त्यांच्या धैर्याहूनही मोठे वाटते. हल्ली वाटाघाटी सुरू होण्याआधीच दोन्ही पक्ष कॅमेऱ्यासमोर येऊन आपापल्या अटी जाहीर करतात, आणि एकदा जाहीर केलेली अट मागे घेणे पुढाऱ्याला लाजिरवाणे होऊन बसते. म्हणून अशी बोलणी सुरुवातीला गुप्तच राहिली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

ब्रिटिशांना हाकलल्याने आयर्लंड एक होणार नाही, तेथे राहणारी माणसे राजी झाली तरच होईल, हे ह्यूम शिन फेनला सांगत राहिले. आयआरएने १९९४ मध्ये शस्त्रसंधी जाहीर केली. मात्र आधी शस्त्रे द्या, मग चर्चेला बसा, या ब्रिटिश सरकारच्या अटीवर गाडे अडले आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनमध्ये पुन्हा बॉम्ब फुटला. १९९७ मध्ये शस्त्रसंधी परत आली आणि १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला. बहुमताच्या संमतीशिवाय उत्तर आयर्लंडचे स्थान बदलणार नाही आणि दोन्ही समाज मिळून सरकार चालवतील, असे त्यात ठरले. चारशेहून अधिक कैदी सोडण्यात आले. ज्यांची माणसे मारली गेली होती, त्या कुटुंबांवर या सुटकेने केवढा घाव घातला, हे करारावर बोलताना विसरता कामा नये.

आणि शस्त्रे? श्रोतेहो, हे नीट ऐका: करार १९९८चा आणि आयआरएची शस्त्रे निकालात निघाली २००५ मध्ये. आधी करार, मग सात वर्षांनी शस्त्रे. सत्तेत जाण्याचा मार्ग खरोखर खुला आहे याची खात्री पटत गेली, तसतशी बंदुकीची गरज संपत गेली. शस्त्रे नष्ट होताना साक्षीला दोन धर्मगुरू होते, एक प्रॉटेस्टंट आणि दुसरे फादर अलेक रीड.

या करारानुसार सरकारच्या शिखरावर दोन पदे असतात, दोघांचे अधिकार सारखे असतात आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. २०१७ मध्ये तसेच झाले आणि पुढची तीन वर्षे तेथे सरकार नव्हते. लहान फुटीर गटांनी त्या काळातही रक्त सांडले, पण आयआरए युद्धाकडे परतली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये या दोन पदांवर शिन फेनच्या मिशेल ओनील आणि ब्रिटनवादी पक्षाच्या एमा लिटल-पेंगेली आल्या. दोघींच्याही वडिलांनी परस्परविरोधी सशस्त्र गटांशी असलेल्या संबंधांपायी तुरुंगात दिवस काढले होते.