सगळीकडे ‘डिक्रीज’ लिहिताय? मग हा व्हिडिओ बघाच

नमस्कार मंडळी! आज ‘कमी होणं’ आणि ‘थोडंसं’ यासाठीचे ॲडव्हान्स्ड इंग्लिश शब्द घेणारे, पण आधीच सांगते, मी तुम्हाला पन्नास शब्दांची यादी देणार नाहीये, कारण यादी पाठ करणाऱ्यांचा नेमका एकच घोळ होतो, त्यांना वाटतं हे सगळे डिक्रीजचेच भाऊबंद, कुठलाही उचला आणि कुठेही चिकटवा. तसं नसतं हो.

आता मराठीत बघा ना. पूर ओसरतो, विहीर आटते, गर्दी रोडावते, भाव कोसळतात, दगड झिजतो. सगळीकडे काहीतरी कमीच होतंय, पण ‘विहीर रोडावली’ असं तुम्ही चुकूनही म्हणणार नाही. म्हणजे हा कान तुमच्याकडे ऑलरेडी आहे! फक्त तो इंग्लिशला लावायचाय.

ड्विंडल म्हणजे आपलं रोडावणं. हळूहळू, बघता बघता, शेवटी मूठभर उरेपर्यंत. माणसं, साठा, बचत, आशा, सगळ्याला चालतं. प्लमेट म्हणजे धाडकन कोसळणं, आणि हा शब्द मला प्रचंड आवडतो कारण त्याच्या मुळाशी शिसं आहे, लॅटिनमध्ये शिशाला प्लंबम म्हणतात, आणि प्लमेट म्हणजे मुळात दोरीला बांधलेलं शिशाचं वजन, गवंड्याच्या ओळंब्याला असतं ना तसं. सोडलं की सरळ खाली! प्लंबर हा शब्दही तिथलाच, कारण पूर्वी पाइप शिशाचे असायचे. त्यामुळे दहा वर्षांत सावकाश घटलेल्या आकड्याला प्लमेट म्हणू नका, तिथे ते खोटं ठरतं.

सबसाइड म्हणजे मुळात खाली बसणं. धुरळा खाली बसतो तसं. आधी काहीतरी उसळलेलं, वर आलेलं असतं आणि मग ते शांत होतं, म्हणून सूज, पुराचं पाणी, राग, वेदना. वेन हा चंद्राचा शब्द, कृष्ण पक्षात चंद्राची कोर बारीक होत जाते तसं, म्हणून लोकप्रियता, प्रभाव, इंटरेस्ट यांना तो शोभतो, बँक बॅलन्सला नाही. डिप्लीट म्हणजे वापरून वापरून आटवणं, इरोड म्हणजे झिजणं, विश्वाससुद्धा इरोड होतो.

डेसिमेटबद्दल जरा थांबते. रोमन सैन्यात शिक्षा म्हणून चिठ्ठ्या टाकून दर दहातल्या एकाला मारायचे, दशांश, म्हणून डेसिमल आणि डेसिमेट एकाच घरातले. आज त्याचा अर्थ मोठ्या प्रमाणात नाश असा झालाय. आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेत ग्राफमध्ये विक्री ५ टक्के घटली आणि तुम्ही डेसिमेट लिहिलंत तर परीक्षक इम्प्रेस होणार नाही, त्याला एवढंच कळेल की तुम्हाला शब्द माहितीये पण वापर माहीत नाही.

आणि एक महत्त्वाचं. ड्विंडल, वेन, सबसाइड, प्लमेट या गोष्टी आपोआप होतात. आपण ‘पाऊस ओसरला’ म्हणतो, ‘मी पाऊस ओसरला’ म्हणत नाही, तसंच ‘द कंपनी ड्विंडल्ड इट्स कॉस्ट्स’ चूक. कुणीतरी मुद्दाम कमी करत असेल तर कट, ट्रिम, कर्टेल, आणि सपासप कापलं असेल तर स्लॅश.

बाय आणि टू यातला फरक तर सोन्यासारखा जपा. १०० वरून फेल बाय २० म्हणजे उरले ८०, फेल टू २० म्हणजे उरले फक्त २०. आणि दर १० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला तर तो २ पर्सेंटेज पॉइंट्सनी (म्हणजे दोन टक्केवारींमधला सरळ फरक, १० वजा ८) घटला, पण २० टक्क्यांनी घटला, कारण १० चे २० टक्के म्हणजे २. दोन्ही बरोबर, २ पर्सेंट लिहिलंत तर चूक.

आता ‘थोडंसं’. इथे शब्दाचा मूड बघायचा. मॉडिकम म्हणजे थोडकंच पण हवंसं, अ मॉडिकम ऑफ रिस्पेक्ट, थोडीफार तरी इज्जत. पॉल्ट्री म्हणजे तुटपुंजं, म्हणणाऱ्याची नाराजी त्यात दिसते (कोंबड्यांचा शब्द पोल्ट्री, ‘पो’ लांब, गल्लत करू नका). नेग्लिजिबल म्हणजे नगण्य, धरलं नाही तरी चालेल इतकं. सिंटिला म्हणजे ठिणगी, नॉट अ सिंटिला ऑफ एव्हिडन्स, पुराव्याची ठिणगीसुद्धा नाही. आणि आयोटा हे ग्रीकमधलं सगळ्यात छोटं अक्षर, आपल्या तसूभर, तिळमात्रसारखं बहुतेक नकारातच येतं.

अ फ्यू आणि फ्यू तर एका ‘अ’वर पलटतात. आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स म्हणजे आहेत की चार जण, आय हॅव फ्यू फ्रेंड्स म्हणजे फारसं कुणी नाहीच.

चला, व्हिडिओ पॉज करा आणि हे इंग्लिशमध्ये करा: प्रेक्षक रोडावत गेले, पण तिचा उत्साह तसूभरही कमी झाला नाही.

केलंत? माझं असं आहे: द ऑडियन्स ड्विंडल्ड, बट हर एंथुझिॲझम डिड नॉट वेन वन आयोटा.