घाम, गंज आणि सहा स्क्रू

आधी नावाचा घोळ निस्तरू. आपण गिटारवर ज्याला ट्रेमोलो म्हणतो तो मुळात ट्रेमोलो नाहीच. आवाज लहान-मोठा होत राहतो तो ट्रेमोलो. सूर वर-खाली हलतो तो व्हायब्रॅटो. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली आणि तिच्या ब्रिजला, म्हणजे तारांचं खालचं टोक धरणाऱ्या धातूच्या हलत्या भागाला, ट्रेमोलो म्हटलं. पुढे त्यांच्याच कित्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खरा ट्रेमोलो आला, तर तिथल्या बटणावर लिहिलं ‘व्हायब्रॅटो’! दरबारीतला आंदोलित गंधार ज्याने ऐकलाय, त्याला हा फरक समजावून सांगायला नको. पण नाव रुळलंय, तेव्हा आपणही तेच वापरू.

आज मी याच जुन्या, सहा स्क्रूंच्या ब्रिजबद्दल बोलणार आहे. त्याला सूर हलवायची एक दांडी असते, आणि माझ्याकडे गिटार घेऊन येणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: “दांडी दाबली की ट्यूनिंग जातं.” आणि ब्रिज बघावा तर वरून लखलखीत! पुसायचं तिथे पुसलेलंच नसतं.

हा ब्रिज म्हणजे रस्सीखेच आहे. वरून सहा तारा ओढतात. नऊ-बेचाळीसचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, सगळ्यात जाड ०.०४२) नेहमीच्या ट्यूनिंगला लावला तर सगळ्यांचा मिळून ताण साधारण ३८ किलो होतो. मागच्या बाजूने स्प्रिंगा ओढतात, तीन ते पाच. या ओढाताणीत ब्रिजची प्लेट टेकते कशावर? पुढच्या सहा स्क्रूंवर, आणि तीही जेमतेम एका धारेवर. दांडी दाबून सोडली की धार होती त्याच जागी परत यायला हवी. तिथे घामाचं मीठ आणि गंज साचला की ती केसभर अलीकडे अडते. ते केसभर अंतर कानाला लगेच कळतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की साफ करायची जागा ही. बाकी सगळी रंगरंगोटी.

मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलैमध्ये गिटार नुसती भिंतीला टांगून ठेवली तरी सॅडलचे, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार जिथे टेकते त्या तुकड्यांचे, बारीक स्क्रू तांबूस होतात. त्यात वाजवणाऱ्याचा तळहात नेमका तिथेच टेकलेला असतो.

सुरुवात फोटोपासून करा. सॅडल कुठे आहेत, मागे किती स्प्रिंगा आहेत, कुठल्या खाचेत आहेत, सगळं टिपून घ्या. ब्रिजची मागची कड लाकडापासून किती उचललेली आहे तेही मोजा; फेंडरचं नेहमीचं माप सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास असतं. मग तारा हळूहळू सैल करून काढा. मागचं झाकण उघडल्यावर स्प्रिंगा पकडीने सोडवा, पण डोळ्यांवर चष्मा असू द्या, स्प्रिंग निसटली की कुठे उडेल सांगता येत नाही. ज्या पट्टीला स्प्रिंगा अडकतात तिला एक वायर डाखलेली असते. ती तुटली तर तुम्ही तारेला हात लावलात तरी गुणगुण थांबणार नाही, आणि तुम्ही आठवडाभर पिकअपला, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकाला, दोष देत बसाल.

आता सहा स्क्रू काढा आणि प्लेट बाहेर घ्या. कोरड्या, जुन्या टूथब्रशने धूळ झाडा. चिकट मळ असेल तर फडक्यावर थोडं लायटरचं पेट्रोल घ्या. खिडकी उघडी, आणि गॅस, उदबत्ती, सिगारेट जवळपास नको. गंज सोडवणारं तेल थेट फवारू नका, ते लाकडात आणि पिकअपमध्ये जातं. इअरबडला लावून फिरवा. भोकांची खालची कड आणि स्क्रूंची मान बोटाने चाचपून बघा. मानेवर खाच पडली असेल तर घासून उपयोग नाही, स्क्रू बदला.

चकाकीच्या मोहात पडू नका. मी स्वतः एकदा भांडी घासायची पावडर वापरली. आधी ब्रिज असा काही उजळला की घरच्यांना बोलावून दाखवला. महिन्याभरात निकेलचा मुलामा जाऊन आतला धातू उघडा पडला, आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचंही तेच.

सॅडलचे अडकलेले स्क्रू हा सगळ्यात चिकाटीचा भाग. त्यांना लागणारी अ‍ॅलन की काही गिटारींना इंचातली, ०.०५० ची, तर काहींना दीड मिलिमीटरची. दोन्ही दिसायला सारख्याच, पण चुकीची घातली की षटकोन गोल होतो आणि मग रडायची पाळी. तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी आधी किंचित घट्ट करा, मग सैल. तरीही हलला नाही तर जोर लावू नका, आणखी एक रात्र द्या.

जोडताना सहाही स्क्रू करकचून आवळायचे नाहीत. प्लेट उचलली जाईपर्यंत पिळा, मग थोडे मागे घ्या. प्लेट मोकळी डुलली पाहिजे. धारेवर शिवणयंत्राचं तेल टूथपिकच्या टोकाने लावा, तेही नावापुरतं. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. नटच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या तुकड्याच्या, खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, कारण ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येत असेल तर गुन्हेगार बहुतेक वेळा नट असतो आणि शिव्या ब्रिज खातो.

नव्या तारा चढवल्यावर घाबरू नका. एक तार सुरात आणली की स्प्रिंगा ताणल्या जातात आणि बाकीच्या पाच उतरतात. चार-पाच फेऱ्या माराव्याच लागतात. त्यानंतर मागची कड पुन्हा मोजा, आणि फरक असेल तर पट्टीचे दोन मोठे स्क्रू अर्धा-अर्धा फेराच फिरवा, प्रत्येक वेळी पुन्हा ट्यून करून.

चला, आता ही गिटार पालथी घालतो. तो टॉवेल जरा इकडे द्या, आणि मागे बसलेल्यांनी पुढे या. स्प्रिंग तिथून दिसायची नाही.