चाळीसपैकी किती?

(दृश्य: टेबलावर जाड फाइल. पानं उलटणारे हात.)

आधी फाइल वाचायची. मुलगा नंतर.

शाळेचे शेरे, पोलिसांतल्या नोंदी, पालकांचं म्हणणं, जुन्या समुपदेशकाची टिपणं. एवढं हाताशी नसेल तर गुण द्यायचेच नाहीत, असा सायकोपॅथी चेकलिस्टच्या किशोर आवृत्तीचा नियम आहे. सायकोपॅथी म्हणजे अपराधभाव आणि दुसऱ्याबद्दल कळवळा नसलेला, निर्ढावलेला स्वभाव. सफाईनं खोटं बोलणाऱ्या मुलाच्या एकट्याच्या शब्दावर कसं विसंबायचं? कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी मूळ यादी प्रौढ कैद्यांसाठी केली होती. 12 ते 18 वयासाठीची ही आवृत्ती 2003 मध्ये आली.

(दृश्य: समोरासमोर दोन खुर्च्या. मुलाचा चेहरा धूसर.)

मारामारी तो रंगवून सांगतो. ज्याला लागलं, त्याचं पुढे काय झालं?

खांदे उडवले.

हे निर्ढावलेपण असेल. पण मार खात वाढलेलं मूलही चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. आणि चौदाव्या वर्षी अनोळखी मोठ्या माणसापुढे खांदे कोण उडवत नाही?

(दृश्य: गुणपत्रक. 1 आणि 2 यांच्यामध्ये थबकलेली पेन्सिल.)

मुद्दे 20. प्रत्येकाला 0, 1 किंवा 2. थराराची ओढ, उतावळेपणा, बेजबाबदारपणा... यातलं थोडंफार या वयात कुणातही सापडेल. म्हणून तुलना करायची ती त्याच वयाच्या मुलांशी, आणि एखाद्या प्रसंगावरून नाही. प्रौढांच्या यादीत 40 पैकी 30 ही रेषा संशोधक वापरतात. किशोरांच्या यादीत ‘इथून पुढे सायकोपॅथ’ अशी रेषाच नाही. ती मुद्दामच आखलेली नाही, आणि आमच्या मते यादीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानपुस्तिकेनंही मुलांच्या निदानात हा शब्द टाळला. वर्तन विकाराच्या, म्हणजे नियम आणि दुसऱ्यांचे हक्क वारंवार मोडण्याच्या, निदानाला फक्त एक जोड दिली. अपराधभाव नसणं, दुसऱ्याच्या दुःखाची फिकीर नसणं, कामगिरीची पर्वा नसणं, उथळ भावना: यांपैकी किमान दोन लक्षणं, 12 महिने, एकाहून जास्त नात्यांत आणि ठिकाणी दिसायला हवीत.

(दृश्य: लिफाफ्यात जाणारा अहवाल.)

मुलाचा खटला प्रौढांच्या न्यायालयात पाठवावा, या युक्तिवादासाठीही असे आकडे वापरले गेले आहेत.

(दृश्य: फाइलवर नवी चिठ्ठी डकवणारे हात.)

या वयातले गुणविशेष बदलू शकतात, म्हणून जुन्या आकड्यावर भागत नाही. चिठ्ठीवर पुढच्या तपासणीचा महिना आहे. खाली एक सूचना: शिक्षेपेक्षा बक्षिसाला प्रतिसाद देतो, उपचार त्या अंगानं आखावेत.