जाकिटाची पिन

(पडद्यावर फक्त पिन. मग हळूहळू पूर्ण चित्र.)

ही पिन बघा. साधी सेफ्टी पिन. जाकिटाचं बटण तुटलं असेल, दुसरं लावायला सवड झाली नसेल, नाहीतर पैसे नसतील. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी, केस पिकलेले. अमेरिकेच्या दक्षिणेत दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणारी ही बाई. कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंत एलिझाबेथ कॅटलेट यांनी १९५२ मध्ये तिला लिनोलियमवर, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या मऊ चादरीवर, कोरलं, आणि ते असं, की तिच्याकडे बघताना आपलीच मान वर होते.

लिनोलियमवर कोरून, शाई लावून कागदावर छापलेलं चित्र ते लिनोकट. त्यात कोरणी फिरते तिथं शाई लागत नाही, कागद पांढरा राहतो. म्हणजे टोपीची काडी न् काडी, चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती हातानं कोरलेली. काम वेळखाऊ, पण ठसा तयार झाला की त्यावरून कितीतरी प्रती निघतात, त्याही स्वस्तात.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कॅटलेट जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर स्कूलमध्ये शिकवत. दिवसभर राबून कृष्णवर्णीय माणसं तिथं शिकायला येत. लोकांच्या घरी कामं करणाऱ्या बायाही. कॅटलेट शिल्पकला शिकवत, तसं कपडे बेतून शिवायलाही शिकवत. मला वाटतं, ती पिन शिवणाऱ्या डोळ्यांनीच टिपली.

(पडद्यावर मालिकेतली चित्रं, एकामागून एक.)

१९४६ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन त्या मेक्सिकोला गेल्या. तिथं 'तायेर दे ग्राफिका पोप्युलार' या कलावंतांच्या सामूहिक छापशाळेत त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रीवर १५ लिनोकट केले. त्यांची नावं सलग वाचा. 'अमेरिकेत मी कायम कष्टच केलेत.' 'शेतांत.' 'दुसऱ्यांच्या घरी.' पुढे येते हॅरिएट टबमन, गुलामीतून माणसं सोडवणारी, आणि तिथंही शब्द तोच: 'मी'. घरकाम करणारी बाई आणि टबमन एकाच 'मी'नं बोलतात. मला या मालिकेतलं हे सर्वांत मोठं वाटतं.

(चौदावं चित्र. संगीत थांबतं.)

या चित्रात बाई नाही. जमिनीवर एक पुरुष पडलाय, गळ्यात फास. झुंडीनं मारलेला. घरकामाच्या चित्रांसोबत हे कशाला? कारण दुसऱ्यांच्या घरी राबतानाही तिचा जीव आपल्या माणसांत अडकलेला असतो. नवरा, मुलगा, भाऊ संध्याकाळी परत येईल ना? ती काळजी हेही तिचं रोजचंच काम.

चित्राचं नाव: 'आणि माझ्या माणसांसाठी एक खास भीती.'