कोलोनोस्कोपी नॉर्मल, जुलाब चालूच: चिनी रुग्णांतला मायक्रोस्कोपिक कोलायटिस

मित्रहो, विषय टक्केवारीचा असला तरी सुरुवात काचपट्टीपासून करावी लागते. मायक्रोस्कोपिक कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याचा सूक्ष्मदर्शकाखालीच कळणारा दाह. त्यात दुर्बिणीतून ते आतडं बहुतेक वेळा स्वच्छ, गुलाबी, नॉर्मल दिसतं. बिघाड सापडतो तो बायोप्सीत. अस्तराच्या दर 100 पेशींमागे 20 किंवा अधिक लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घुसलेले असले की लिम्फोसायटिक प्रकार. त्या अस्तराखालचा कोलेजन या तंतुमय प्रथिनाचा पट्टा 10 मायक्रोमीटरहून जाड झाला की कोलॅजिनस प्रकार. हा दुसरा प्रकार 1976 साली स्वीडनमधून प्रथम नोंदला गेला, आणि उत्तर युरोपातल्या वयस्क बायकांचा आजार अशी याची ओळख बराच काळ टिकली.

चीनमध्ये हा किती आढळतो? ‘कमी’ असं उत्तर येतं आणि ते बहुधा बरोबर आहे. अमेरिकेतल्या बायोप्सींच्या मोठ्या नोंदी वंशानुसार लावून पाहिल्या, तेव्हा पूर्व आशियाई वंशाच्या लोकांत हे निदान स्पष्टपणे कमी निघालं, आणि भारतीय वंशाच्या लोकांतही तसंच. देश एकच असल्यामुळे तपासणीच्या पद्धतीतला फरक तिथे फारसा आड येत नाही. पण ‘कमी’ म्हणजे किती, हे सांगताना भागाकार कशाने केला ते आधी विचारा. युरोपातल्या मार्गदर्शिकेत दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. लोकसंख्येत दर लाखामागे वर्षाला प्रत्येक प्रकाराचे साधारण 5 नवे रुग्ण, आणि दीर्घकाळ पाण्यासारखे जुलाब असणाऱ्यांत मात्र सुमारे 13 टक्के. एखाद्या चिनी रुग्णालयाचा आकडा यांतल्या कोणत्या आकड्याशी ताडायचा, हे ठरवल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीत 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात दर लाखामागे वर्षाला 1.1 रुग्ण सापडत. 2001 पर्यंत तो आकडा 19.6 झाला. आजार इतक्या वेगाने पसरला असं मानण्यापेक्षा बायोप्सी जास्त घेतल्या जाऊ लागल्या, हे कारण मला अधिक पटतं.

तेव्हा नमुना कसा घेतला, यावर सगळं अवलंबून. गर्दीच्या एंडोस्कोपी विभागात सारं लक्ष पॉलिप आणि कॅन्सरवर असतं. अस्तर नॉर्मल दिसलं की स्कोप बाहेर, आणि कागदावर ‘आयबीएस’, म्हणजे दाह नसलेला, आतड्याच्या चिडचिडीचा त्रास. एवढ्यात निदान हुकतं. चढत्या आणि उतरत्या कोलनमधून किमान दोन-दोन तुकडे हवेत, आणि दोन्हीकडचे वेगळ्या बाटल्यांत. एकाच बाटलीत टाकले तर उजव्या बाजूला मुळातच लिम्फोसाइट जास्त असतात, हे पॅथॉलॉजिस्टला लक्षात घेता येत नाही. नुसत्या गुदाशयातले तुकडे घेतले तर कोलेजनचा पट्टा तिथे नॉर्मल असू शकतो आणि रुग्ण हातचा जातो. उलटी चूकही होते. तुकडा तिरका कापला गेला तर साधा पट्टा जाड दिसतो, आणि लिम्फॉइड गाठीच्या बरोबर वरचं अस्तर मोजलं तर लिम्फोसाइट उगाच वाढतात. पट्ट्याची शंका असेल तर कोलेजन उठून दाखवणारा मॅसन ट्रायक्रोम रंग, पेशींची शंका असेल तर लिम्फोसाइट दाखवणारी सीडी-3 तपासणी. फॉर्मवर नुसतं ‘जुलाब’ न लिहिता ‘मायक्रोस्कोपिक कोलायटिस आहे का’ असं स्पष्ट विचारा. तेवढ्याने वाचणाऱ्याची नजर बदलते.

आता जोखमीचे घटक. वय आणि स्त्री असणं हे दोन सगळीकडे पुढे येतात. धूम्रपानाचं गणित मात्र चीनमध्ये वेगळं बसतं. पाश्चात्त्य अभ्यासांत धूम्रपान हा ठळक घटक आहे. सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार दहा-बारा वर्षं आधी होतो. चीनमध्ये 2018च्या पाहणीत 50.5 टक्के पुरुष आणि जेमतेम 2.1 टक्के स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या होत्या. म्हणजे ज्या वयस्क बायकांत आजार जास्त अपेक्षित, त्याच जवळपास ओढत नाहीत. लिंगानुसार गट वेगळे केले नाहीत तर धूम्रपान निर्दोष ठरेल, किंवा उलट संरक्षक वाटेल. युरोपीय रुग्णांत जोखमीशी जोडलेला एचएलए-बी8 (प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकाचा एक प्रकार) असलेला जनुकसंच हान, म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांत अगदी विरळ आहे, आणि सोबतीचा सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा) आजारही तिथे कमी. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू असणाऱ्यांत हा कोलायटिस कमी आढळतो असंही दिसलं आहे. चीनमध्ये तो जंतू अजून व्यापक आहे. नातं कारणाचं आहे की नुसतं सोबतीचं, हे यातून ठरत नाही.

माझ्या मते सर्वांत उपयोगाची गोष्ट औषधांची यादी. लॅन्सोप्राझोल आणि त्याच्या जातीची आम्लरोधकं, ॲस्पिरिनसह वेदनाशामकं, सर्ट्रालिनसारखी नैराश्याची औषधं, कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन. शेजारच्या जपानमध्ये कोलॅजिनस प्रकाराशी लॅन्सोप्राझोलचं नातं इतकं घट्ट दिसलं, की आतड्यात लांब रेघेसारख्या चिरा दिसल्या तर डॉक्टर आधी तेच औषध विचारतात. चीनमध्ये यात अकार्बोज हे साखरेचं औषध मिळवा. भाताच्या जेवणामुळे मधुमेहात ते तिथे सढळ हाताने दिलं जातं. ते स्वतःच गॅस आणि जुलाब करतं, क्वचित या कोलायटिसशीही जोडलं गेलं आहे. म्हणून औषध कधी सुरू झालं आणि जुलाब कधी, या दोन तारखा शेजारी लिहा. जुलाब आधीचे आणि गोळी नंतरची असेल तर गोळीवर आळ घेऊ नका. स्टेंटच्या रुग्णाचं ॲस्पिरिन किंवा पोट जपणारं आम्लरोधक परस्पर बंद करणंही महागात पडतं. आम्लरोधक बदलून पाहा, काही आठवडे वाट पाहा.

इतिहास घेताना एक चिनी शब्द माहीत असावा: ‘वूगंग श्ये’, म्हणजे रात्रीच्या पाचव्या प्रहराचे, पहाटे तीन ते पाचचे जुलाब. पारंपरिक वैद्यकात यावर चार द्रव्यांची ठरलेली गोळी मिळते. तिच्यात जायफळ आहे आणि आपली बावचीही. पहाटे उठवणारे जुलाब म्हणजे हाच आजार असं नाही, पण झोपेतून उठवणारे जुलाब साध्या आयबीएसला शोभत नाहीत, म्हणून अशा रुग्णाची बायोप्सी टाळू नये. शिवाय बावचीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ती गोळी चालू आहे का हे विचाराच.

यकृत पुढेही आडवं येतं. उपचार म्हणजे ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड, 9 मिलिग्रॅम रोज, सहा ते आठ आठवडे. आठवड्याच्या सरासरीने दिवसाला तीनपेक्षा कमी वेळा शौच आणि त्यात पाण्यासारखी एकापेक्षा कमी वेळ, तर आजार शांत. औषध थांबवल्यावर निम्म्याहून अधिक जणांत तो उलटतो; मग जमेल तेवढ्या कमी मात्रेवर ठेवावं लागतं. या औषधाचा सुमारे 90 टक्के भाग यकृतात पहिल्याच फेरीत निकामी होतो, म्हणून ते सुरक्षित. सिरोसिस (यकृत कडक, निकामी होणं) असेल तर हे गणित कोसळतं आणि प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टेरॉइडसारखे परिणाम दिसू लागतात. सिरोसिसकडे नेणारा हिपॅटायटिस-बी चीनमध्ये अजून पुष्कळ आहे, तेव्हा पहिल्या कॅप्सूलच्या आधी एचबीएसएजी ही त्याची रक्तचाचणी करून घ्या.