सनद आणि कलमबंदी

(साताऱ्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मागच्या पावसाळ्यात खटाव तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक कागद काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर उलगडला. औंध दरबारनं दिलेल्या इनामी जमिनीच्या सनदेची नक्कल. घड्यांवर चिरलेली, मागून चिकटपट्टी लावलेली. त्यांनी एकाच शब्दावर बोट ठेवलं: ‘आचंद्रार्क’. म्हणाले, “वकीलसाहेब, चंद्रसूर्य असेपर्यंत असं राजानं लिहून दिलंय. मग सरकारनं ते मोडायचं कसं?” सनदेच्या जोरावर दावा लावायची त्यांची तयारी झाली होती. त्यांना मी जे सांगितलं, तेच आज जरा विस्तारानं सांगतो.

8 मार्च 1948 रोजी औंध आणि फलटण मुंबई प्रांतात विलीन झाली. म्हणून दुसऱ्या दिवशी तिथले कायदे पुसले गेले का? नाही. पुसले गेले असते, तर वारस कोण आणि गहाण फिटलं की नाही, हे कशावरून ठरवायचं होतं? राजा गेला तरी लोकांचे आपापसातले व्यवहार थांबत नाहीत. जुना कायदा नवा येईपर्यंत चालतो. पुढे राज्यघटनेच्या कलम 372 नं हेच तत्त्व लिहून ठेवलं: सक्षम विधिमंडळ बदलत किंवा रद्द करत नाही तोवर आधीचा कायदा अमलात राहील. मुंबई सरकारनं 1950 मध्ये विलीन संस्थानांसाठी खास कायदा करून प्रांताचे कायदे तिथं लागू केले. बरेचसे संस्थानी कायदे तेव्हाच गेले.

पण खरी मेख पुढेच आहे. कायदा म्हणायचं कशाला? संस्थानात राजाच कायदा करी, राजाच निवाडा देई आणि खूश झाला तर जमीनही राजाच देई. तिन्ही कागदांवर शिक्का एकच. मग त्यातला कायदा कोणता आणि देणगी कोणती?

याचं उत्तर ज्यांनी दिलं, ते आपल्या साताऱ्यात जन्मलेले, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर. याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्यांचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा. पहिला 1960 चा, फाळके यांच्या खटल्यातला. शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरला गेलेल्या घोडेस्वारांच्या वंशजांना तिथल्या खजिन्यातून पिढीजात तनखा मिळे. त्यासंबंधी शिंदे सरकारनं 1912 आणि 1935 मध्ये कलमबंदी काढली होती. नाव बघा, अस्सल मराठी. तनखा कोणाला, वारस कसा ठरवायचा, सगळं कलमवार. ग्वाल्हेर ज्यात विलीन झालं, त्या मध्यभारत राज्याच्या सरकारनं हा तनखा नुसत्या हुकुमानं बंद केला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही कलमबंदी कायदाच आहे. ती सरकारी हुकुमानं मोडता येणार नाही.

दुसरा 1964 चा, ओडिशातल्या ढेंकानाळ संस्थानचा. राजानं सनद देऊन भावाला खर्चासाठी रोख नेमणूक, म्हणजे ठरावीक रक्कम, लावून दिली होती. विलीनीकरणानंतर ती थांबली आणि भाऊ न्यायालयात हरला. सनद खोटी होती असं नाही. पण तीत प्रजेनं कसं वागावं याचा नियम नव्हता. एका माणसानं दुसऱ्याला दिलेलं ते देणं होतं. देणगी आणि कायदा एकाच राजाच्या हातून निघाले, म्हणून एकाच जातीचे होत नाहीत. कागदाचं नाव पाहू नका, शिक्काही पाहू नका. आतला मजकूर वाचा, एवढीच ही कसोटी.

औंधची गोष्ट या कसोटीवर फार मोलाची ठरते. 1939 मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 72 गावांच्या आपल्या संस्थानाला स्वराज्याची घटना दिली. त्यानंतर तिथं कायदा लोकांनी निवडलेल्या मंडळात होऊ लागला. आपल्या हातातली सत्ता सोडून देणारा राजा याच जिल्ह्यात होऊन गेला, हे शाळेतल्या मुलांना आपण पुरेसं सांगत नाही, याची मला खंत वाटते. औंधच्या त्या काळातल्या कागदात कायदा कुठला आणि राजाची मर्जी कुठली, हे चटकन ओळखू येतं. बाकी संस्थानांत ते शोधून काढावं लागतं.

साताऱ्याला हा प्रश्न काही नवा नव्हता. 1848 मध्ये छत्रपतींचं राज्य खालसा झालं, आणि 1852 च्या कायद्यानं कंपनी सरकारची इनाम कमिशनं सनदा तपासत फिरू लागली. राजानं दिलेलं नव्या सत्तेनं मानलं तरच टिकतं, हे आपल्या पणजोबांनी तेव्हाच अनुभवलं होतं.

त्या शेतकऱ्यांना मी म्हटलं, “दादा, सनद राहू द्या, जुने फेरफार आणा.” पंधरा दिवसांनी ते उतारे घेऊन आले. विलीन मुलखातली इनामं रद्द करणाऱ्या 1955 च्या कायद्याची नोंद त्यात होती. इनाम गेलं होतं, जमिनीला पूर्ण आकार, म्हणजे सरकारी सारा, लागू झाला होता, आणि त्याच नोंदीत त्यांच्या आजोबांचं नाव कब्जेदार म्हणून चढलं होतं. ज्या कायद्यानं जमीन जाईल अशी धास्ती त्यांना होती, त्याच कायद्यानं ती त्यांच्या घरात राहिली होती. त्यांनी सनदेची घडी घातली आणि फेरफाराचा उतारा वरच्या खिशात ठेवला.