एक घर, दोन चुली
(मालवणातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

लाईट आहेत तोवर मुद्द्याचं बोलून घेतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची साथ सोडली, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं, ते आपल्या जुन्या लॅपटॉपांत बहुधा नसतं. म्हणून लोक विचारतात, लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, टाकू का? टाका की. पण हिशेबाची टॅली विंडोजवर चालते, तेव्हा जुनं बिऱ्हाड हाकलू नका. एकाच लॅपटॉपवर दोन्ही ठेवा आणि विंडोजचं नेट तोडा: नेट लिनक्समध्ये, हिशेब विंडोजमध्ये.

घराची वाटणी कशी होते हे तुम्हाला मी काय सांगायचं! खोल्या पटकन वाटल्या जातात. भांडण पेटतं ते सामाईक पडवीवरून. इथेही तसंच. आधी बॅकअप घ्या. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको! मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह लहान करा आणि मोकळी झालेली जागा लिनक्ससाठी तशीच सोडा. पन्नासेक जीबी पुष्कळ. चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी. मी एकदा जुलैत, मेलेल्या बॅटरीवर हा उद्योग केला. मध्येच लाईट गेले आणि गणपतीचे तीन वर्षांचे फोटो त्यांच्याबरोबर गेले.

पडवी म्हणजे ईएफआय पार्टिशन, डिस्कचा एक छोटा तुकडा, बहुधा जेमतेम १०० एमबी. दोघांचे बूटलोडर, म्हणजे त्यांना सुरू करून देणारे प्रोग्राम, तिथेच नांदतात. ती पुसायची नाही. विंडोज आधी, लिनक्स मागून, म्हणजे सुरू होतानाच ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, मेनू विचारतो, आज कुठल्या चुलीवर जेवणार?

विंडोजचं फास्ट स्टार्टअप मात्र बंद करा. ते चालू असलं की विंडोज बंद केल्यावरही पुरतं बंद होत नाही. चाकरमानी भाऊ सामान पसरून, खोलीला कुलूप घालून मुंबईला गेला, तशातली गत. लिनक्सला ती खोली खिडकीतून दिसते, आत काही ठेवता येत नाही.

आणि घड्याळ. मदरबोर्डवर ते एकच. लिनक्स त्यात जागतिक वेळ लिहितो, विंडोज तीच स्थानिक समजून वाचतो. फरक साडेपाच तासांचा. नेट असलं तर विंडोज वेळ सुधारून घेतो. आपण तर त्याचं नेट तोडलेलं. आमच्या शेजारचा मुलगा बोटीच्या नोंदी विंडोजमध्ये ठेवतो. संध्याकाळी सहाला खाडी तुडुंब भरलेली, आणि नोंदीत आपोआप पडलं दुपारचे साडेबारा. मी दुसऱ्या दिवशी तासभर सेटिंगं उचकत बसलो होतो. त्याचे वडील जाळं विणता विणता पडद्याकडे बघून म्हणाले, "अष्टमीक साडेबाराक भरती खंयची येता?"

भरतीची वेळ म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीच्या आठाची सहा. मग लिनक्सला एका कमांडने सांगितलं, बाबा, घड्याळात स्थानिक वेळच ठेव. म्हातारा तोवर पुन्हा जाळ्यात गुंतला होता.